काट्याला फसवणाऱ्या पोट्ट्यांनो

हसणं आधी बंद करा. तिघांनीही.

परवा आर्वी रोडवरच्या चहाच्या टपरीवर तुमची मैफल जमली होती, ती मी मागच्या बाकावर बसून पुरती ऐकली. दिवाळीला पोरं गावात आली की आंजीला बरं वाटतं, मलाही वाटतं. पण तुमच्या गप्पांनी चहा घशाखाली उतरेना. मेलबर्नवाला सांगत होता, ‘‘मशीनले काय समजते बे! अव्होकाडो ठेवाचं अन् गाजराच्या फोटोवर बोट दाबाचं. वजन बरोब्बर जुळते, मशीन चूप!’’ त्यावर पुणेवाल्यानं आपला पराक्रम सांगितला. मोठ्या दुकानात सुट्या मालाच्या काउंटरवर काजूचं वजन करून लेबल लावून घ्यायचं, मग रॅकच्या आडोशाला पिशवीची गाठ सोडून आणखी दोन मुठी आत घालायच्या. दारावरचा माणूस बिलावर शिक्का मारतो, पिशवी तोलत नाही. आणि तिसरा, गावातच शेती करणारा, कशाला मागं राहील? ‘‘आपण तं रात्री कापसावर पाणी मारतो. क्विंटलमागं चार किलो तं कुठंच नाई गेले.’’

टाळ्या दिल्यात एकमेकांना. टाळ्या!

तुम्हाला विज्ञान मी शिकवलं. तेव्हा ज्या मशीनला तुम्ही मूर्ख म्हणता, ते मशीन काय आहे ते आधी ऐका. दहावीत ओहमचा नियम घोकलात, तो कुठं वापरतात हे तुमच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही. त्या काट्याच्या तबकाखाली धातूचा एक ठोकळा असतो. त्याच्यावर केसासारख्या बारीक तारेची पट्टी चिकटवलेली असते. वर वजन पडलं की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तार किंचित ताणली जाते, तिचा रोध बदलतो. व्हीटस्टनच्या सेतूनं तो बदल मोजायचा आणि त्याचे ग्रॅम करायचे. झाला लोडसेल. गल्लीतल्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यावरच चालतो, ट्रक तोलणारा धर्मकाटा यावरच चालतो आणि तुझ्या मेलबर्नच्या दुकानातलं यंत्रही यावरच चालतं.

तिथं फरक एवढाच की काट्याला आठवण दिलेली असते. गिऱ्हाइकानं बिस्किटाच्या पुड्याची पट्टी मशीनला दाखवली की मशीन यादीत बघतं, हा पुडा किती ग्रॅमचा. मग पिशवी ठेवायच्या जागेवर तेवढंच वजन वाढलं पाहिजे. जास्त वाढलं तर न दाखवलेली वस्तू पिशवीत गेली. वाढलंच नाही तर पैसे लागले पण वस्तू आली नाही. दोन्ही वेळा मशीन अडतं, लाल दिवा लागतो, कुणीतरी माणूस येतो. अमेरिकेत अशी यंत्रं गेल्या शतकाच्या अखेरीस दुकानांत दिसू लागली आणि पुढं अर्ध्या जगात पसरली.

आता तुझी हुशारी. डबाबंद मालाचं वजन मशीनला ठाऊक असतं. सुट्या भाजीचं नसतं. ती तू ठेवायची आणि ती काय आहे हेही तूच सांगायचं. पाऊण किलो ठेवलंस, मशीननं पाऊण किलोच मोजलं. त्यानं आपलं काम चोख केलं. मग त्यानं तुला विचारलं, बाबा रे, हे काय आहे? आणि तू खोटं बोललास. मशीन मूर्ख कुठं ठरलं? त्यानं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

आणि ही युक्ती तुलाच सुचली असं समजू नकोस. तू राहतोस त्याच देशात एका सुपरमार्केटच्या हिशेबात विकलेली गाजरं दुकानात आलेल्या गाजरांपेक्षा जास्त भरली. एमेलिन टेलर या गुन्हेशास्त्रज्ञ बाईंनी अशा गिऱ्हाइकांचा अभ्यास केला. त्यांना काय सापडलं? अट्टल चोर नव्हेत. नोकरीपेशातली, कपडेलत्ते नीट असलेली, इतर कुठं कुणाला पाच पैशांना न बुडवणारी माणसं. समोर माणूस असता तर यांचा हात थरथरला असता, काच होती म्हणून थरथरला नाही. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठातल्या एड्रियन बेक आणि मॅट हॉपकिन्स या दोघांनी आपलं बिल आपणच करण्याच्या पद्धतीचे लाखो व्यवहार तपासले, तर सुमारे चार टक्के मालाचे पैसे भरलेच गेले नव्हते. त्यातली काही खरीच चूक असेल. पट्टी नीट वाचली गेली नाही, पोर रडत होतं, घाई होती. पण ‘चूक झाली’ म्हणायला जागा आहे, हीच तर या चोरीची गोडी. पकडलं तर विसरभोळा, नाही पकडलं तर हुशार!

तुझं सोड. मला चीड आली ती वेगळ्या कारणानं आली, आणि ती तुम्हा तिघांच्या बापांमुळे आली.

तुमच्या बापांना मी ओळखतो. कापूस गाडीत भरून वर्ध्याला, पुलगावला, हिंगणघाटला नेलेली माणसं ती. आता ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या आल्या, तेव्हा बैल होते. पहाटे निघायचं, जिनिंगच्या फाटकावर रांगेत रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी नंबर लागायचा. मग व्यापाऱ्याचा माणूस यायचा, कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढून तोंड वाकडं करायचा. ‘‘फरदड दिसते.’’ ‘‘कवडी लय आहे.’’ ‘‘ओलावा वाटते.’’ पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस, आणि त्याला म्हणायचं फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटचा हलका माल! वजन खरं दाखवायचे कधीकधी. नाव खोटं द्यायचे. नाव बदललं की भाव बदलतो.

आता सांग मेलबर्नवाल्या, अव्होकाडोला गाजर म्हणणारा तू आणि पहिल्या वेच्याला फरदड म्हणणारा तो, यांत फरक काय? मला तर एक इंचाचा दिसत नाही. त्यानं तुझ्या बापाचा माल तोलला आणि खोटं नाव लावून कमी पैसे दिले. तू दुसऱ्याचा माल तोललास आणि खोटं नाव लावून कमी पैसे दिलेस. तुझा बाप रांगेत उभा राहून ज्याला शिव्या घालायचा, त्याचा धंदा तू शिकून आलास, आणि तोही व्हिसा काढून, विमानात बसून, कर्ज काढून.

नाव खोटं नसलं की वजन खोटं असायचं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पारड्याखाली पासंग, दांडीला अंगठ्याचा भार, पोत्याच्या नावानं क्विंटलमागं कापलेली कटती, वर हमाली, तोलाई, अडत. काटा मारणं ही कला होती आणि मारणारे तिचा अभिमान बाळगायचे, जसा तुम्ही टपरीवर बाळगत होता. या एका रोगावर औषध म्हणून या मुलखात किती कायदे झाले ते ऐका, म्हणजे काटा किती महाग पडलाय ते कळेल. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आपण तेव्हा मध्यप्रांतात, आपल्याकडं कापूस बाजाराचा कायदा १९३२ ला आला. १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आले, कारण गावागावाचा शेर वेगळा आणि फसवायची सोय वेगळी. १९६३ ला महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला. मग १९७२ पासून कापूस एकाधिकार. सरकारशिवाय कुणी कापूस घ्यायचा नाही, व्यापाऱ्याचा काटाच नको! तिथंही काय झालं, ते तुमचे आजे सांगतील. ग्रेडर आला, आणि ग्रेडरच्या खिशाकडं बघून कापसाची प्रत ठरू लागली. कुलूप बदललं, किल्ली त्याच हातांत राहिली.

शेवटी २००९ चा वैधमापन कायदा. व्यापारातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी व्हायला हवी, त्यावर निरीक्षकाची मोहर हवी. आपल्या किराणा दुकानातल्या काट्यावरची मोहर कधीची आहे हे तुम्हा तिघांपैकी कुणी बघितलंय? नाही ना. आपल्याला फसवतात ते बघायला सवड नाही, दुसऱ्याला फसवायला मात्र डोकं चालतं.

आता कापसावर पाणी मारणाऱ्या शहाण्याकडे येतो. तू खाली मान घालू नकोस, वर बघ. तुझं म्हणणं मला माहीत आहे. ‘‘सर, तो कटती घेते तं आपण पाणी मारतो. फिट्टमफाट.’’ भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं. आठच्या वर गेलं की त्या प्रमाणात भाव कापला जातो आणि बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये. ओलावा मोजायच्या मशीनची सुई टोचली की आकडा दिसतो, तुझी रात्रीची मेहनत तिथंच उघडी पडते. मग तू खासगी व्यापाऱ्याकडे जातोस. तो तुझ्याहून दहा पावसाळे पुढचा. त्याला माहीत आहे की या गावाचे लोक पाणी मारतात. म्हणून तो सगळ्यांचाच कापूस ओला धरून भाव सांगतो. तुझ्या मागच्या गाडीत एक विधवा बाई आपला कोरडा कापूस घेऊन बसलेली असते. तिच्या कापसात थेंब नाही. तुझ्या पाण्याची कटती ती भरते. तू व्यापाऱ्याला फसवलं असं समजतोस, अरे, त्यानं ते केव्हाच वसूल केलं, फक्त तुझ्याकडून नाही. शिवाय ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, रुई डागाळते. मग गावाच्या नावावर बट्टा लागतो तो पाच-पाच वर्षं पुसत नाही.

हाच हिशेब पुणेवाल्याच्या काजूला लागू आहे, म्हणून इकडं बघ. दुकानदार घट धरूनच किंमत लावतो. दोन मुठी काजू तू नेलेस, त्याचे पैसे तुझ्या मागं उभा असलेला, महिन्याचा किराणा मोजून घेणारा मास्तर, रिक्षावाला, कारकून भरतो. ब्रिटनमधल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेनं २०२३-२४ या वर्षात दोन कोटींहून अधिक दुकानचोऱ्या आणि दोन अब्ज पौंडांहून अधिक नुकसान झाल्याचं सांगितलं. हे पैसे मालकाच्या ताटातून जातात असं वाटतं का तुला? आणि दारावर शिक्का मारणारा तो पोरगा. तोही कुठल्यातरी आंजीचाच आहे रे. तुझ्या पिशवीपायी उद्या जाब त्यालाच विचारतील.

तुमचा युक्तिवाद मला पाठ आहे. मोठ्या कंपन्या आहेत, त्या शेतकऱ्याला लुटतात, कॅशिअरची नोकरी खाल्ली, आणि आता गिऱ्हाइकाकडून फुकट काम करून घेतात, मग थोडं आपणही घेतलं तर काय? यातला पहिला भाग खरा आहे, मी नाकारत नाही. पगार वाचवायला त्यांनी मशीन बसवलं. त्या लेस्टरच्या अभ्यासकांनीही दुकानदारांना सुनावलंय की माणसं काढून तुम्ही चोरीला आमंत्रण देताय. काही दुकानांना ते पटलं. उत्तर इंग्लंडातल्या बूथ्स नावाच्या जुन्या दुकानानं २०२३ साली आपल्या जवळजवळ सगळ्या शाखांतून अशी यंत्रं काढून पुन्हा माणसं बसवली. अमेरिकेतल्या डॉलर जनरलनं २०२४ मध्ये हजारो दुकानांतून ती काढली. पण तुझ्या गाजरानं एका तरी कॅशिअरची नोकरी परत आली का, ते सांग. कंपनी लुटते म्हणून तू संघटना केली नाहीस, तक्रार लिहिली नाहीस, तिथं जायचंही थांबवलं नाहीस. फक्त अव्होकाडो स्वस्तात खाल्लंस. याला विद्रोह म्हणू नकोस. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत रस्त्यावर बसलेली माणसं याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासमोर हे बोलून दाखव.

बरं, मशीनही आता पहिल्यासारखं भोळं राहिलेलं नाही, आणि ते तुमच्यामुळेच. नुसतं वजन पुरत नाही म्हटल्यावर डोक्यावर कॅमेरे आले. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीनं २०२५ साली काही दुकानांत असं यंत्र लावलं की पट्टी वाचली गेली नाही तर तुमच्याच हाताचा व्हिडिओ पडद्यावर परत दाखवतात, क्रिकेटच्या थर्ड अंपायरसारखा. मागं रांग उभी, आणि पडद्यावर तुझा हात! ज्या म्हातारीच्या हातून खरंच चुकलं, तिलाही तोच तमाशा सोसावा लागतो. चोर शंभरात थोडे, लाज शंभरांना.

आणि अमेझॉनची गोष्ट तर तुझ्यासाठीच आहे. २०१८ च्या जानेवारीत सिएटलला त्यांनी बिनकॅशिअरचं दुकान उघडलं. वस्तू उचलायची आणि चालू लागायचं. फळ्यांखाली वजनाचे काटे, छतावर कॅमेरे, बिल आपोआप खात्यावर. सगळ्या जगानं तोंडात बोट घातलं. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती पद्धत काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा बातम्या आल्या की हे व्हिडिओ तपासायला भारतात सुमारे हजार माणसं बसलेली होती. कंपनी म्हणाली, ती माणसं यंत्राला शिकवण्यासाठी व्हिडिओंवर खुणा करत होती, प्रत्येक खरेदीवर नजर ठेवत नव्हती. असेल. पण विचार कर. तिकडं फळीवरून वस्तू उचलणाऱ्या हाताकडं इकडं कुणीतरी रात्रपाळीत बघत होतं, आणि ते तुझ्याच वर्गातलं एखादं पोरगं असू शकतं. ‘मशीन आहे, माणूस नाही’ असं म्हणून चोरी करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

गावातल्या काट्याचीही एक गोष्ट ऐक. आपल्या रास्त भाव दुकानात आता ई-पॉस मशीन आहे. अंगठा लावायचा, मग माणशी पाच किलो धान्य. २०२३ पासून फुकट. पूर्वी काय व्हायचं ते म्हाताऱ्यांना विचार. पावतीवर पाच आणि पिशवीत साडेचार, ही या राज्यातल्या कितीतरी गावांची जुनी तक्रार. म्हणून २०२१ च्या जूनमध्ये केंद्रानं अन्नसुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती केली, ती ई-पॉसला इलेक्ट्रॉनिक काटा जोडला जावा म्हणून. काट्यावर पाच किलो पडल्याशिवाय पावती निघू नये, असा त्यामागचा विचार. तंत्र तेच, तुझ्या मेलबर्नचं. तिथं तो काटा गिऱ्हाइकावर पहारा ठेवतो, इथं दुकानदारावर. आपल्या गावातल्या भूमिहीन बाईच्या अर्ध्या किलो तांदळासाठी जे यंत्र हवं म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, ते कसं चकवायचं याचे धडे तू टपरीवर देतोस! ऐकणाऱ्यांत उद्याचे दोन-चार दुकानदारही बसलेले असतात, हे विसरलास?

कुणी म्हणेल, सर, पहारा नसला की माणूस असंच करतो. खोटं आहे. मिझोरममध्ये ऐझॉलच्या रस्त्यावर सेलिंगच्या आसपास शेतकरी बांबूच्या टपऱ्या उभारतात, भाजी-फळं मांडतात, भाव लिहून ठेवतात, पैशाला डबा ठेवतात आणि शेतावर निघून जातात. गिऱ्हाईक माल घेतं, डब्यात पैसे टाकतं, सुटे हवे असतील तर त्याच डब्यातून घेतं. तिथं लोडसेल नाही, कॅमेरा नाही, दारावर शिक्का मारणारा नाही. आपल्याकडच्या कित्येक जिल्हा परिषद शाळांतही पेन-वहीची अशी बिनदुकानदाराची दुकानं चालतात आणि तिसरी-चौथीतली पोरं पैसे चुकते करतात. शनिशिंगणापूरचं उदाहरण मुद्दाम देत नाही. घरांना दारं नाहीत, २०११ मध्ये तिथं बँकेनंही बिनकुलपाची शाखा उघडली, सगळं खरं, पण तिथं शनीचा धाक आहे. धाकानं सरळ वागणारा आणि लाल दिव्याला घाबरून सरळ वागणारा मला सारखेच. वर्ध्याचे लोक म्हणून गांधी-विनोबांची आठवण देऊन तुम्हाला ओशाळं करणं सोपं होतं. तेही करत नाही. सेवाग्राम आपल्यापासून किती किलोमीटर हे तुम्हाला ठाऊक आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक. २०२५ च्या जुलैत भारतातल्या अमेरिकी दूतावासानं उघड सूचना काढली की अमेरिकेत चोरी, घरफोडी, मारहाण केलीत तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढंही मिळणार नाही. ही सूचना भारतीयांना उद्देशून काढावी लागली, हे वाचून माझी मान खाली गेली. दुकानचोरीत भारतीय विद्यार्थी पकडले गेल्याच्या बातम्या त्याआधी आल्याच होत्या. गाजराच्या भावाचं अव्होकाडो तू एकटा खातोस. पण उद्या त्याच दुकानात आपल्या रंगाचं, आपल्या उच्चाराचं दुसरं पोरगं शिरलं की रक्षक त्याच्या मागं-मागं चालतो. ते पोरगं बापाचं शेत गहाण टाकून आलेलं असतं, मुळा घेतला तरी पावती जपून ठेवणारं. त्याच्या पाठीवर ती नजर तू बसवलीस.

‘‘पण सर, दोन-चार डॉलरचा तं मामला!’’ असंही म्हणालास तू. दोन डॉलरसाठी खोटं बोललास, हे सांगून तू आपली किंमत स्वतःच जाहीर केलीस. मी ती लावली नव्हती.

आणि कायदा काय म्हणतो तेही ऐकून जा, कारण पुणेवाला मघापासून ‘एवढ्याशा गोष्टीला चोरी म्हणतात का’ असं पुटपुटतोय. म्हणतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या ३०३ कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा माल असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याच कलमात समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. शिकली-सवरलेली पोरं पहिल्यांदा घसरली तर त्यांना तुरुंगात घालण्यापेक्षा चार लोकांच्या कामाला लावावं, हे कायदा करणाऱ्यांनाही सुचलं. मला ते पटतं.

तुम्हाला कुणी पकडलेलं नाही. तेव्हा शिक्षा मी देतो. मास्तर निवृत्त झाला म्हणून त्याचा हक्क निवृत्त होत नाही.

कापसाचे दिवस आहेत. उद्यापासून तुमच्या सुट्या संपेपर्यंत तिघांनीही आंजीच्या गाड्यांबरोबर काट्यावर जायचं. जिनिंग असो की बाजार समिती, गाडी काट्यावर चढली की आकडा मोठ्यानं वाचायचा आणि वहीत लिहायचा. गाडी भरलेली असताना किती, रिकामी झाल्यावर किती. कटतीचा शब्द कुणी काढला की कशाची, किती आणि कोणत्या नियमानं, हे विचारायचं. कापसाला कुणी फरदड म्हटलं तर का म्हटलं ते विचारायचं. काट्यावरची मोहर आणि तिचं वर्ष बघायचं, जुनी असेल तर वर्ध्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार द्यायची, तिघांच्या सहीनं. हमीभावानं विकायचं तर आता ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ते जमत नाही, आणि तुमची बोटं तर पडद्यावर खोटी चित्रं दाबण्यात तरबेज आहेत. ती बोटं या कामाला लावा. पाणी मारणाऱ्यानं पहिल्या दिवशी आपलीच गाडी न्यायची, कोरडी, आणि ओलाव्याचा आकडा सगळ्यांसमोर वाचायचा.

मेलबर्नवाल्यानं परत गेल्यावर त्या दुकानात जायचं आणि जेवढं खाल्लं तेवढ्याचे पैसे भरायचे. पुणेवाल्यानं काजूचे. मशीनवर नव्हे, माणूस बसलेल्या काउंटरवर, तोंडानं सांगून. पावत्या मला पाठवा. वही रोज संध्याकाळी सहाला माझ्या घरी आणून दाखवायची. उशीर झालेला चालणार नाही.

निघा आता. गाड्या पहाटे चारला सुटतात.